टीव्हीला वायफाय सापडतं, मग इंटरनेट कुठे अडतं?

चिपळूणहून आत्याचा फोन आला तो रविवारी भर दुपारी. "अरे, टीव्हीला नेटच लागत नाहीये. वायफाय कनेक्टेड दाखवतोय, पण यूट्यूब लावलं की नुसतं गोल गोल फिरतं. मोबाइलवर तर सगळं नीट चाललंय." आणि लगेच निकालही देऊन टाकला: "म्हणजे नेट चांगलंय, टीव्हीच गेला."

टीव्ही गेलेला नव्हता. पण आत्या ज्या वाटेने त्या निकालाला पोचली त्याच वाटेने बरीच घरं जातात. मग कुणी मेकॅनिकला बोलावतं, कुणी टीव्ही रीसेट मारून सगळी ॲप्स आणि पासवर्ड घालवून बसतं, कुणी नवा राउटर घेऊन येतं. बिघाड नेमका कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी शोधलं तर हा खर्च आणि मनस्ताप बराचसा टळतो. त्यासाठी हत्यारं लागत नाहीत. हातातला मोबाइल आणि थोडा धीर पुरतो.

वायफाय वेगळं, इंटरनेट वेगळं

सोसायटीतला नळ डोळ्यांपुढे आणा. नळ सोडला आणि पाणी आलं नाही, तर नळ खराब असेल, गच्चीवरची टाकी रिकामी असेल, नाहीतर पालिकेचं पाणीच आलं नसेल. टाकी रिकामी असताना नळ बदलून काय होणार? टीव्हीचंही तसंच आहे. वायफाय म्हणजे टाकीपासून नळापर्यंतचा पाइप, टीव्ही आणि राउटर यांना जोडणारा. राउटरपासून पुढे कंपनीपर्यंत जाणारी फायबरची वायर ही पालिकेची लाइन. 'वायफाय कनेक्टेड' एवढं दिसलं म्हणजे घरातला पाइप जोडलेला आहे, बस. टाकीत पाणी आहे की नाही ते त्यातून कळत नाही.

मग 'नो इंटरनेट' हे टीव्हीला कसं कळतं? अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही असेल तर वायफाय जोडल्या जोडल्या तो गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटीशी विनंती पाठवतो. तिकडून २०४ क्रमांकाचं उत्तर यावं अशी अपेक्षा असते. वेबच्या भाषेत २०४ म्हणजे 'तुमची विनंती पोचली, परत पाठवण्यासारखं काही नाही'. ही झाली कोरी पोचपावती. ती आली की इंटरनेट आहे असं टीव्ही धरून चालतो. ती आली नाही, किंवा तिच्या जागी भलतंच पान आलं, की वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह उमटतं. तेव्हा 'नो इंटरनेट' हे ताप आल्यासारखं आहे. ताप कशाने आला ते आपल्यालाच शोधायचं असतं. या पोचपावतीची गोष्ट लक्षात असू द्या, आत्याच्या टीव्हीचं कोडं शेवटी तिच्यापाशीच सुटलं.

सॅमसंगच्या टीव्हीत 'नेटवर्क स्टेटस' उघडलं तर टीव्ही, राउटर आणि इंटरनेट अशी तीन चित्रं एका रेषेवर दिसतात आणि जिथे तुटलंय तिथे खूण येते. आपल्या टीव्हीत असं काही असेल तर सुरुवात तिथूनच करावी, कारण अर्धं उत्तर ते चित्रच देतं.

फोनवर चालतंय, हा पुरावा धरू नका

फोनला इंटरनेटपर्यंत जायच्या दोन वाटा असतात, वायफाय आणि सिमकार्ड. वायफायवर नेट येत नाही असं लक्षात आलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, व्हॉट्सॲप येत राहतं, व्हिडिओ चालत राहतात. टीव्हीत सिम नाही. त्याला एकच वाट आहे, ती बंद झाली की तो अडतो. अडला म्हणून बिघाड त्याच्यातच आहे असं नाही.

म्हणून पहिली चाचणी ही. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मग फक्त वायफाय सुरू करा. टीव्ही ज्या नावाच्या वायफायवर आहे, फोनही त्याच नावावर आहे ना, ते बघा. कित्येक घरांत एकाच राउटरची दोन नावं असतात, एक साधं आणि एक शेवटी '५जी' लावलेलं. आता पूर्वी कधी उघडलं नाही असं काहीतरी शोधा. आधी पाहिलेली पानं फोनने साठवलेली असतात, ती नेट नसतानाही उघडतात आणि आपली फसगत होते.

फोनही अडला, तर टीव्हीला हात लावू नका. बिघाड राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. आता भिंतीवरच्या त्या पांढऱ्या किंवा काळ्या डबीकडे जा. हल्ली फायबरची डबी आणि वायफायचा राउटर बहुधा एकाच डब्यात असतात. त्यावरच्या दिव्यांखाली इंग्रजीत बारीक अक्षरं असतात. 'पॉन' दिवा स्थिर हिरवा असेल तर काचेच्या तारेतून कंपनीचा प्रकाश घरापर्यंत येतोय. 'एलओएस' नावाचा दिवा लाल पेटला किंवा लुकलुकू लागला तर तो प्रकाश येत नाहीये. रस्ता खोदताना वायर तुटली असेल, वादळात फांदी पडली असेल, उंदराने कुरतडली असेल, नाहीतर घरातच कपाट सरकवताना वायर दुमडली असेल. फायबर ही केसासारखी काचेची तार असते. ती जास्त वाकवली की प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. कपाटामागे दबली असेल तर अलगद मोकळी करून पाहा. ते नसेल तर डबी शंभर वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, नेटवाल्यालाच बोलवावं लागतं. फोन करताना "नेट बंद आहे" असं न सांगता "एलओएस लाल आहे" असं सांगा. काय घेऊन यायचं ते त्याला कळतं आणि "आधी रीस्टार्ट करून बघा" यात जाणारा वेळ वाचतो. तक्रार नोंदवली की तिचा डॉकेट नंबर मागून लिहून ठेवा. पुढे वरच्या पातळीवर अपील करायची वेळ आली तर तोच नंबर विचारतात.

पॉन हिरवा, एलओएस विझलेला, पण 'इंटरनेट'चा दिवा बंद किंवा लाल असेल, तर तार ठीक आहे, मात्र कंपनी आपल्याला आत घेत नाहीये. अशा वेळी प्लॅन संपलाय का ते आधी बघा. प्लॅन संपला तरी राउटर वायफाय देतच राहतो. काही कंपन्या मग कुठलाही पत्ता उघडला तरी स्वतःचं रिचार्जचं पान पुढे करतात. फोनच्या ब्राउझरमध्ये ते पान दिसतं. टीव्हीला मात्र पोचपावतीच्या जागी ते पान मिळतं, आणि तो 'नो इंटरनेट' एवढंच म्हणतो.

दिवे सगळे ठीक आणि तरी फोनवर नेट नाही, तर बंद-चालू करण्याला अर्थ आहे. राउटर हाही एक छोटा संगणकच. महिनोन्‌महिने चालू राहिला की त्याच्या स्मृतीत जुन्या जोडण्यांच्या नोंदी साचतात, कधी कधी नव्या उपकरणाला द्यायला पत्ताच उरत नाही. प्लग काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा आणि सगळे दिवे स्थिर होईपर्यंत, दोन-तीन मिनिटं, वाट बघा. टीव्ही त्यानंतर चालू करायचा. लाइट जाऊन आल्यावर बऱ्याच घरांत उलटा क्रम होतो, टीव्ही आधी उठतो आणि राउटर मागून. टीव्ही वायफाय शोधतो, ते सापडत नाही, आणि काही टीव्ही पुन्हा शोधायचे कष्ट घेत नाहीत.

टीव्ही बंद करायचा म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करायचं. रिमोटने टीव्ही फक्त झोपतो, अडकलेलं ॲप झोपेतही अडकलेलंच राहतं. एलजीच्या टीव्हीत 'क्विक स्टार्ट प्लस' नावाची सोय चालू असली की तो लवकर उठावा म्हणून पूर्ण बंद होतच नाही. त्या टीव्हीत वायफाय वारंवार रुसत असेल तर ती सोय बंद करून बघण्यासारखी आहे.

दुसरी चाचणी: टीव्हीला फोनचा हॉटस्पॉट द्या

फोनवर घरचं वायफाय व्यवस्थित चाललं, तर संशय टीव्ही आणि राउटर यांच्यामधल्या जागेवर येतो. दोघांपैकी दोषी कोण हे ठरवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. फोनचा हॉटस्पॉट सुरू करा आणि टीव्ही त्याला जोडा. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवायचा, वायफायच्या दोन लहरींपैकी ही जवळजवळ प्रत्येक टीव्हीला ऐकू येते. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' निवडता येतो, नव्या आयफोनमध्ये त्यासाठी 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू करावं लागतं.

हॉटस्पॉटवर यूट्यूब चाललं तर टीव्ही निर्दोष आहे, त्याचं घरच्या राउटरशी पटत नाहीये इतकंच. हॉटस्पॉटवरही तेच रडगाणं असेल तर टीव्हीत शिरायचं. चाचणी झाली की हॉटस्पॉट आठवणीने बंद करा. नेटफ्लिक्सचा एचडी दर्जा तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खातो, सिनेमा तसाच चालू राहिला तर दिवसाचा कोटा संपलाच समजा.

राउटरशी पटत नाही म्हणजे काय

आधी साधं कारण. वायफायचा पासवर्ड बदलला असेल, किंवा नेटवाल्याने राउटर बदलून नाव तेच ठेवलं असेल, तर टीव्ही जुनाच पासवर्ड देत राहतो. सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन 'फर्गेट नेटवर्क' करा आणि पासवर्ड नव्याने भरा. रिमोटने अक्षरं टिपताना इंग्रजी ओ आणि शून्य, कॅपिटल आय आणि छोटा एल यांत हमखास गडबड होते. टाइप केलेलं दिसेल असा डोळ्याचा पर्याय चालू करून भरा.

यादीत आपल्या वायफायचं नावच दिसत नसेल तर गोष्ट जरा रंजक आहे. राउटर दोन लहरींवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्त टीव्हींमध्ये बऱ्याचदा फक्त २.४ ऐकू येणारा रेडिओ असतो, त्यांना '५जी' लावलेलं नाव कधीच दिसणार नाही. तो टीव्हीचा बिघाड नाही. या '५जी'चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, हेही सांगून ठेवतो, कारण "माझ्या फोनला फाइव्ह-जी येतं, मग टीव्हीला का नाही" हा प्रश्न मला बरेचदा ऐकू येतो.

आणि ५ गिगाहर्ट्झ ऐकू शकणारे टीव्हीसुद्धा तिथले सगळे चॅनेल, म्हणजे लहरीतल्या क्रमांक दिलेल्या मार्गिका, ऐकतातच असं नाही. या लहरीवर चॅनेल ३६ ते ४८, मग ५२ ते १४४, मग १४९ ते १६५ असे पट्टे आहेत. मधला पट्टा हवामानाच्या रडारसारख्या यंत्रणाही वापरतात, म्हणून जगात ठिकठिकाणी तिथल्या वायफायवर जादा अटी असतात. त्या अटींच्या भानगडीत पडायला नको म्हणून काही टीव्ही तो पट्टा धुंडाळतच नाहीत. राउटर मात्र 'ऑटो'वर असला की गर्दी पाहून आपला चॅनेल बदलत राहतो. काल ३६ वर होता, आज १०० वर गेला, आणि टीव्हीच्या यादीतून नाव गायब. "कालपर्यंत चालत होतं, कुणी काही केलं नाही" या तक्रारीमागे कधी कधी हे असतं. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल ३६ किंवा १४९ असा पक्का करून टाका. २.४ वर असाल तर १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे बांधलेल्या उपकरणांना १२ आणि १३ हे चॅनेल दिसत नाहीत.

राउटरच्या सेटिंगमध्ये जायला फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकावं लागतं. नेमका पत्ता आणि पासवर्ड डबीच्या पाठीवर चिकटवलेला असतो. तिथे गेलात तर सुरक्षेचा प्रकारही बघून घ्या. डब्ल्यूपीए३ ही पद्धत २०१८ मध्ये आली. त्याआधी बनलेल्या टीव्हीला ती माहीत असण्याचा संभव नाही, आणि राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर पासवर्ड बरोबर असूनही टीव्ही "चुकीचा पासवर्ड" म्हणू शकतो. डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडला की काम होतं. सुरक्षा सगळीच काढून वायफाय उघडं मात्र ठेवू नका.

आता भिंती. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. आखूड लहर भिंतीत लवकर दमते. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये आरसीसीतली लोखंडी सळई आडवी येते, कोकणात चिऱ्याच्या जाड भिंती, जुन्या वाड्यांत तर हातभर जाडीच्या. त्यात राउटर कपाटावर, टीव्ही दुसऱ्या खोलीत भिंतीला चिकटवलेला, आणि त्याचा अँटेना पाठीमागे, म्हणजे पडदा आणि भिंत यांच्या सांदीत. मधे लोखंडी कपाट असेल तर बघायलाच नको. अशा घरात २.४ वर टीव्ही ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. नेटफ्लिक्सच्याच शिफारशीप्रमाणे फुल एचडीला ५ एमबीपीएस वेग आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतो, आणि २.४ तेवढं सहज देऊ शकतं. राउटर दोन हात उंच आणि उघड्या जागी ठेवला, टीव्हीच्या अगदी मागून बाहेर काढला, एवढ्यानेही फरक पडतो.

टीव्हीच्या पाठीला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावलेली असेल तर ती काढून बघा. या जोडणीचा विद्युत गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर शोधनिबंध काढला होता. डिस्क लावली की वायफाय जातं आणि काढली की येतं, असं होत असेल तर कारण सापडलं.

हे सगळं नको असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर टाका. टीव्हीवरचं लॅनचं भोक बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचंच असतं, त्यावर नाक मुरडणारे भेटतात, पण फोर-केला लागतात १५. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर माझं मत सरळ आहे: वायरच टाका. फक्त पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की टीव्ही आणि राउटरच्या प्लगसोबत ती वायरही काढून ठेवा.

घड्याळ

आत्याकडे परत येतो. एअरप्लेन मोडची चाचणी केली, फोनवर नेट चाललं. दिवे सगळे हिरवे. हॉटस्पॉट दिला, तिथेही टीव्ही 'नो इंटरनेट'च म्हणाला. म्हणजे टीव्हीतच काहीतरी. मी विचारलं, "आत्या, टीव्हीच्या सेटिंगमध्ये तारीख काय आहे बघ."

"एक जानेवारी एकोणीसशे सत्तर," ती म्हणाली. "हे काय रे?"

बरेच संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत. तेव्हापासून शून्य सेकंद झाले असं धरलं की पडद्यावर हीच तारीख येते. बऱ्याच टीव्हींमध्ये वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. लाइट गेली की वेळ विसरली जाते आणि परत आल्यावर टीव्ही एक तर १९७० पासून सुरू होतो, नाहीतर त्याचं सॉफ्टवेअर तयार झालं त्या तारखेपासून. एरवी हे कळतही नाही, कारण इंटरनेट मिळताच तो खरी वेळ मागवून घेतो.

तारखेचा इंटरनेटशी संबंध काय? आज जवळजवळ सगळी देवाणघेवाण कुलूपबंद होते. टीव्ही यूट्यूबच्या दाराशी गेला की समोरचा सर्व्हर ओळखपत्र दाखवतो. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. टीव्ही ते आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळात १९७० असेल तर समोरचं प्रत्येक ओळखपत्र अजून जन्माला यायचं आहे, म्हणून खोटं. टीव्ही दार लावून घेतो. ती पोचपावतीची विनंतीही अशाच कुलूपबंद वाटेने जाते, तिचंही ओळखपत्र नाकारलं जातं, आणि पडद्यावर 'नो इंटरनेट'. वायफाय ठीक, फायबर ठीक, प्लॅन ठीक, अडलं ते तारखेपाशी.

आत्याच्या टीव्हीत वेळ आपोआप का सुधारली नाही? आदल्या दिवाळीत घड्याळ अर्धा तास मागे दिसतं म्हणून घरातल्या कुणीतरी 'ऑटोमॅटिक' बंद करून वेळ हाताने लावली होती. चूक खरं तर टाइम झोनची होती. पाऊस सुरू झाला, लाइट ये-जा करू लागली आणि हाताने लावलेली वेळ पुसली गेली. आम्ही टाइम झोन कोलकात्याचा, म्हणजे भारताचा, केला, 'ऑटोमॅटिक' चालू केलं, टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करून पुन्हा लावला. यूट्यूब सुरू झालं. एवढ्याशा गोष्टीला पाऊण तास गेला, कारण तारखेचा विचार मी शेवटी केला. आता हॉटस्पॉटवरही नेट नाही असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा तारीखच विचारतो.

टीव्ही म्हातारा होतो तेव्हा

घड्याळ बरोबर असूनही ओळखपत्राची अडचण येऊ शकते. खरं ओळखपत्र कोणतं हे ठरवायला टीव्हीत विश्वासू संस्थांची मूळ प्रमाणपत्रं भरलेली असतात, आणि तीही कधीतरी संपतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'डीएसटी रूट सीए एक्स३' हे फार मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेल्या कित्येक जुन्या उपकरणांना बऱ्याच साइट्स उघडेनाशा झाल्या. मार्च २०२५ मध्ये तर २०१५ साली आलेले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीला लावायची गूगलची स्ट्रीमिंग उपकरणं, जगभर एकदमच अडले. आतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने लोकांना कळवलं की उपकरण फॅक्टरी रीसेट करू नका, आणि थोड्याच दिवसांत दुरुस्ती पाठवली. घाईने रीसेट मारलेल्यांना मात्र उपकरण पुन्हा जोडून घेताना जास्त त्रास झाला.

म्हणून फॅक्टरी रीसेट हा पहिला उपाय समजू नका. त्याने तुटलेली फायबर जोडली जात नाही, संपलेला प्लॅन वाढत नाही, राउटरचा चॅनेल बदलत नाही. जातात ती फक्त आपली ॲप्स आणि लॉगिन. त्याआधी टीव्हीत 'रीसेट नेटवर्क' असा वेगळा पर्याय असेल तर तो वापरा, त्याने फक्त वायफायच्या नोंदी पुसल्या जातात. आणि सॉफ्टवेअर अपडेट बघा. नेटच नसेल तर कंपनीच्या साइटवरून फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून ती टीव्हीला देता येते, बऱ्याच कंपन्या ही सोय देतात.

एकच ॲप चालत नाही आणि बाकीची चालतात, तर इंटरनेटला दोष देता येत नाही. ॲपचा कॅशे, म्हणजे त्याने साठवलेला तात्पुरता डेटा, साफ करा, टीव्हीची साठवण भरली आहे का बघा. ८ जीबीचा टीव्ही दहा-बारा ॲप्समध्ये गुदमरतो. टीव्ही फार जुना असेल तर त्या ॲपनेच त्याची साथ सोडलेली असू शकते. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने २०१२ आणि त्याआधीच्या अनेक उपकरणांवरचं ॲप बंद केलं. डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही टीव्हींवर चालेनासं झालं. टीव्हीचा पडदा पंधरा वर्षं उत्तम चालतो, आतला संगणक त्याच्या निम्म्यातच मागे पडतो. दोन्ही एकाच खोक्यात विकले जातात आणि त्यांच्या आयुष्यात एवढं अंतर आहे हे दुकानात कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

काही ॲप्स किंवा साइट्स उघडतात आणि काही नाही, अशी धरसोड असेल तर डीएनएस बदलून पाहा. नावावरून पत्ता शोधून देणारी ही इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. टीव्हीच्या आयपी सेटिंगमध्ये डीएनएस हाताने भरायचा पर्याय घेऊन गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाका. तिथेच टीव्हीला मिळालेला पत्ताही दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा सगळी शून्यं असतील, तर राउटरने टीव्हीला पत्ताच दिलेला नाही. डीएनएसच्या मागे न लागता राउटर बंद-चालू करा.

राहता राहिला तो वायफायचा भाग खरोखरच जळण्याचा प्रकार. सेटिंगमध्ये वायफायचं बटण करडं पडलंय, चालूच होत नाही, किंवा राउटर शेजारी ठेवूनही त्याचं किंवा शेजारपाजारच्या कुणाचंही नाव यादीत येत नाही, तर टीव्हीच्या आतला वायफायचा छोटा बोर्ड गेला असण्याची दाट शक्यता. वॉरंटी असेल तर कंपनीला कळवा, दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. वॉरंटी संपली असेल तर बोर्ड बदलण्याचा खर्च विचारा आणि तो एचडीएमआयला लावायच्या स्ट्रीमिंग स्टिकच्या किमतीशी ताडून बघा. स्टिकचं स्वतःचं वायफाय आणि स्वतःचा संगणक असतो, टीव्ही फक्त पडदा उरतो. जुन्या झालेल्या टीव्हीलाही हाच उपाय लागू पडतो, आणि चांगला पडदा भंगारात जायचा वाचतो.

स्टिक घेतलीच तर तिला वीज सोबत आलेल्या ॲडॉप्टरवरून द्या, टीव्हीच्या यूएसबीवरून नको. साधं यूएसबी २ चं भोक ५०० मिलिअँपिअरच देतं, तेवढं कमी पडलं की स्टिक मधेच बंद होऊन चालू होते आणि ते पुन्हा नेट गेल्यासारखंच दिसतं. आणि डब्यात एचडीएमआयची वीतभर वायर आली असेल तर ती फेकू नका. स्टिक तिच्या टोकाला लावून टीव्हीच्या कडेबाहेर काढली की वायफाय जास्त चांगलं पकडते.